एकोणीस दिवसांचं कलम

जानेफळ,
६ सप्टेंबर २०२४

चि. भागवत,

आशीर्वाद. मोठी बहीण आहे म्हून लिहा लागते, राग गेला असं समजू नको.

तू माहा नंबर बंद करून ठेवला. लावला की ती बाई म्हणते, ज्याले फोन लावला तो व्यस्त आहे. दीड वर्ष झालं, व्यस्तच आहे! एवढा तं कलेक्टरबी व्यस्त राहत नसन. म्हून हे पत्र. सातवी शिकली मी, बोलते तसंच लिहिते. चुका दिसल्या तं तुह्यापाशीच ठेव.

सोबत तीन कागद आहेत, माह्या गणेशनं ग्रामपंचायतीतल्या मशीनवर छापून देले. ओळख कोण आहे ते. तूच आहेस. सरकारच्या कॅमेऱ्यानं काढले फोटो. एकात पट्टा लावला नाही, एकात गाडी एकशे अठराच्या स्पीडनं, अन् तिसऱ्यात हातात मोबाईल. तिसऱ्या फोटोत सारिका बाजूले बसून पेरू खाऊन राह्यली. चांगला आला फोटो, सांग तुह्या बायकोले.

हे चलान माह्या मोबाईलवर कायले येते? कारण गाडी अजूनबी माह्या नावावर आहे. तुहे भाऊजी हौशी माणूस. २०१९ ले नवी गाडी घेतली ते माह्या नावावर, मले स्टेअरिंग कुठून धरतात ते माहीत नाही तरी. ते गेल्यावर गाडी तू नेली. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं, पेढे खाल्ले, अन् म्हणला, "नावावर पुढच्या महिन्यात करून घेतो, ताई." तो पुढचा महिना अजून आला नाही. मधातच हक्कसोडाचं झालं.

त्याचंबी एकदा लिहूनच टाकते. बाबाचं वावर मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आलं, अन् तू कागद घेऊन आला, इथं सही कर म्हणला. मी म्हटलं, वाचू दे. देणार नाही असं म्हटलंच नव्हतं मी. वाचू दे म्हटलं, तं तुले वाटलं बहीण हिस्सा मागते. चहा तसाच ठेवून उठला. त्या चहावर साय आली, अन् अजूनलोक तू दारात आला नाही.

तं आयक. आजपासून तुह्या गाडीचा एकबी मेसेज मी वाचणार नाही. पोस्टानं आलेला एकबी कागद फोडणार नाही. काय येईन ते बाजूले टाकून ठेवीन. पाहिजे तं दारातून ये, चहा पी, अन् घेऊन जाय.

प्रेरणाचं पोलीस भरतीचं कसं आहे? पहाटची पळते ना? तिच्याशी माहं भांडण नाही. आत्यानं आठवण केली म्हणून सांग.

तुही,
वच्छलाताई


जानेफळ,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. भागवत,

कसं लिहू अन् काय लिहू. तीन कागद फाडले, हा चौथा.

चौदा तारखेले तुह्या गावच्या माणसानं गणेशले फोन केला तवा मी भाकर थापत होती. गणेश म्हणला, मामाची गाडी पांग्र्याच्या उतारावर सोयाबीनच्या ट्रॉलीवर गेली. मी पहिले विचारलं, भागवत कसा आहे. तो म्हणला, मामाचा हात मोडला. मी म्हटलं, देव पावला रे बाप्पा. मंग म्हणला, प्रेरणा होती बाजूले.

संभाजीनगरच्या दवाखान्यात मी आलती हे तुले माहीत आहे, तू पाह्यलं मले. तू त्या टोकाच्या बाकावर बसला होता, हात गळ्यात, अन् भिंतीकडे तोंड केलं. सारिका माह्याजवळ आली. मले वाटलं गळ्यात पडते. ते म्हणली, "पाहून झालं असन तं जा आता." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. डबा मी चौकीदाराजवळ देला, त्यात मेथीची भाजी होती. कोणी खाल्ली ते विचारत नाही.

काचेतून पोरीले पाह्यलं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चादर तिथं सपाट होती. भागवत, माह्या डोळ्यासमोरून ते जात नाही. जानेवारीत मैदानी परीक्षा होती तिची, नाही का? तिच्या चपला पलंगाखाली दोन्ही होत्या. कोणीतरी उचलून ठेवा त्या.

नर्स सांगत होती, ब्रेक लागलाच नाही म्हणते. खरं आहे का हे? तू पाय देला अन् पेडल खाली टेकलं? तुले गाडी चांगली चालवता येते, फोटो पाहून मी काही बोलली असीन ते सोडून दे. मले फक्त एवढंच सांग, ब्रेक लागला नव्हता ना? एका ओळीत लिही.

भाऊबीजेले तुही वाट पाह्यली. दारात रांगोळी टाकली, ताट केलं, नवा टॉवेल आणला तुले. तुह्यासाठी एक वस्तूबी ठेवली होती ताटाखाली, येशीन तं हातातच देईन म्हून. दिवस बुडाला तरी आला नाही. मंग चांदोबाले ओवाळलं अन् ताट उचलून ठेवलं. यंदा तुले बहीण आठवली नाही अन् मले भाऊ आठवत राह्यला, असंच म्हणा लागन.

दवाखान्यातून घरी आल्यावर एक काम होतं, ते केलं. ते जाऊ दे.

पोरीले हळद घालून दूध दे. डॉक्टरले विचारून दे.

वच्छला


जानेफळ,
१९ जानेवारी २०२५

चि. भागवत,

तू ओळ लिहिली नाही, पण प्रेरणानं गणेशले फोन केला. म्हणली, बाबा रोज तेच म्हणतात, पेडल खाली गेलं, खाली गेलं. म्हणजे खरं आहे. तुहा दोष नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहून राह्यली, तुहा दोष नाही.

गणेशनं पेपर आणला होता, तुह्या इथंबी आला असन. त्या मॉडेलमध्ये मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी पत्र्याले घासते, अन् घासून घासून एक दिवस फुटते. कंपनीले हे चौदा महिने माहीत होतं. चौदा महिने! तपासणी चालू आहे म्हणत राह्यले, अन् तेवढ्या दिवसात गाड्या विकत राह्यले. मंग ऑक्टोबरमध्ये कुठं सगळ्याईले सांगतलं, गाडी चालवू नका, आणून द्या, नळी फुकट बदलून देतो. पोरगी पळाची ते पळाची राह्यली अन् याईची तपासणी चालू होती. माह्या अंगाची आग होते, भागवत. कोणाले शिव्या देऊ ते समजत नाही, कंपनीले तोंडच नाही.

गणेश म्हणते, आई, सरकारनं कायदा केला आहे. कंपनीनं असा उशीर केला तं सरकार दंड करते. पण त्याले तक्रारी पाहिजेत, खूप पाहिजेत, एकट्यादुकट्याच्या तक्रारीनं सरकार हलत नाही. मी म्हटलं, मंग आणू.

तं मी फिरून राह्यली. तुह्या भाऊजीची शबनम पिशवी खांद्याले लावली, एसटीत बसली. मेहकरच्या मिस्त्र्यापासून नाव घेत घेत जानेफळ ते मेहकर अकरा गाड्या सापडल्या तशा. अन् आयक मजा. अकरातल्या सात गाड्या दुसऱ्याच्याच नावावर! कोणाची अकोल्याच्या डॉक्टरच्या, कोणाची नाशिकच्या साल्याच्या, एकीचा मालक तं मरूनच गेला. तानाबाई म्हून एक म्हातारी आहे, तिचा पोरगा अशीच गाडी भाड्यानं चालवते, लग्नाचे वऱ्हाडी नेते. मी म्हटलं, कंपनीचं पत्र आलं का? ते म्हणली, "पत्र त्या डॉक्टरच्या घरी गेलं असन माय, त्याच्या पोराईनं त्याचं विमान केलं असन." अन् तानाबाईचा पोरगा त्या दिवशी बारा वऱ्हाडी घेऊन लोणारले गेलता.

एकाजवळ गेली तं तो म्हणते, "मावशी, तक्रार केली का गाडीचा भाव पडते. मले विकाची आहे ते." मी म्हटलं, विक बापा, विक. ज्याले विकशीन त्याची पोरगी काही तुही नाही. मंग त्यानं तोंड वाकडं करून नंबर देला.

आपली तक्रार मात्र माह्याच नावानं करा लागली, गाडी माह्या नावावर म्हून. प्रेरणानं पलंगावरून फोनवर सगळं सांगतलं, कोणत्या तारखेले काय झालं, अन् गणेशनं भरलं. पोट्टी लय हुशार आहे. आवाज असा येते जशी काही झालंच नाही. म्हणली, "आत्या, त्याईले सोडाचं नाही." मी म्हटलं, नाही सोडत.

त्या फॉर्मात एक प्रश्न होता, कंपनीचं सूचनापत्र मिळालं का? गणेशनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, नाही लिही. त्यानं लिहिलं.

सारिकाले सांग, गाडीच्या सगळ्या पावत्या जपून ठेव.

वच्छला


जानेफळ,
४ मार्च २०२५

भागवत,

आज आशीर्वाद लिहित नाही. देणारीचा हात त्या लायकीचा पाहिजे.

सरकारनं चौकशी लावली, हे तुले समजलंच असन. दिल्लीचे साहेब सतरा तारखेले बुलढाण्यात येऊन तक्रारदाराईच्या जबान्या घेणार आहेत. त्याच्या आधीच, काल, कंपनीचा माणूस आला माह्या घरी. पोरगाच, तुह्याहून वीस वर्ष लहान. पाया पडला. पाणी पिला. मावशी मावशी करत होता. मंग पिशवीतून एक कागद काढला अन् खाटेवर ठेवला.

रजिस्टर पत्राची पोचपावती. तारीख २६ ऑक्टोबर. खाली सही माही.

भागवत, ते पत्र आलतं.

दिवाळीच्या आधी पोस्टमन आला, सही करा म्हणला. पाकिटावर कंपनीचं नाव पाह्यलं, म्हटलं पुन्हा तुहंच काही चलान नाही तं सर्विसची जाहिरात. फोडलं नाही. बोलली होती ना मी, फोडणार नाही म्हून. पण फेकलंबी नाही. आठ दिवसावर भाऊबीज होती. म्हटलं, येईन तो, तवा देईन. म्हणीन, घे तुहा कागद, अन् आता नाव बदलून टाक बाप्पा, मी काय तुही पोस्टमास्तर आहे? असं बोलणं मी मनात करून ठेवलं होतं. तू हसशीन असं वाटलं होतं. म्हून ताटाखाली ठेवलं.

तू आला नाही. मंग मी अजून चिडली. म्हटलं, राहू दे, पडू दे तिथंच, गरज त्याले आहे.

दवाखान्यातून आल्यावर फोडलं. एका बाजूनं इंग्रजी, पण दुसऱ्या बाजूनं मराठीत होतं, ठसठशीत. दुरुस्ती होईपर्यंत हे वाहन चालवू नये. सातवीवालीले समजन असं लिहिलं होतं. चुलीपाशी तीन वेळा नेलं, टाकल्या गेलं नाही. गणेशले आतालोक माहीत नाही. तुले पहिले सांगून राह्यली.

२६ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. बोटावर मोजले मी, एकोणीस दिवस. कंपनीच्या चौदा महिन्याच्या नावानं मी गावोगाव बोंब मारत फिरली, त्या शबनममध्ये हे पत्र होतं. तानाबाईले विचारलं ना मी, पत्र आलं का, तवाबी होतं.

आता मुद्द्याचं. तो पोरगा म्हणते, मावशी, आम्ही खोटं लिहा म्हणत नाही, खरंच लिहा, पत्र मिळालं म्हून. गोड बोलते. पण मले समजते ना. मी तसं लिहून देलं का कंपनी म्हणणार, आम्ही मालकिणीले कळवलं होतं, गाडी चालवू नका म्हटलं होतं. मंग तू प्रेरणासाठी जो भरपाईचा दावा टाकला तो माह्या सहीनं पडते. अन् मी म्हटलं ही सही माही नाही, तं दावा उभा राहते, पण ते खोटं. खरं बोलली तं पोरीचं नुकसान, खोटं बोलली तं ज्याईनं चौदा महिने लपवलं त्याईच्यासारखीच मी.

मले काही सुचत नाही. तुहे भाऊजी असते तं विचारलं असतं. तू सांग. तू म्हणशीन सही माही नाही म्हण, तं मी देवाच्या फोटोवर हात ठेवून म्हणीन. तू म्हणशीन खरं सांग, तं खरं सांगीन. तू म्हणशीन मरून जाय, तं तेबी आयकून घेईन. पण सतराच्या आत सांग. शिव्या देऊन लिही, पण लिही.

वच्छला


दुसरबीड,
११ मार्च २०२५

ताई,

पत्र मिळालं. मले लिहिता येत नाही तुह्यासारखं, थोडक्यात लिहितो.

मले माहीत होतं.

फाट्यावरच्या मिस्त्र्यानं दिवाळीतच सांगतलं होतं, या गाडीची नळी बदलून घे, कंपनी फुकट करून देते. आठ नोव्हेंबरले मी गाडी घेऊन खामगावच्या सर्विस सेंटरवर गेलतो. तिथल्या पोट्ट्यानं नंबर पाह्यला, गाडी उचलाची तयारी केली. मंग म्हणला, मालकिणीच्या मोबाईलवर चार आकडे पाठवले, ते विचारून सांगा, दोन घंट्यात काम करून देतो.

तुले फोन कराचा होता फक्त.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. तुहा नंबर काढला. अर्धा घंटा पाहत बसलो. दीड वर्षानं फोन लावाचा अन् म्हणाचं काय, तर आकडे सांग. तू म्हणशीन, कामाले बहीण आठवली. भाऊबीजेले आलो नव्हतो. नाही लावला. पोट्ट्याले म्हटलं, नेटवर्क नाही, पुढच्या आठवड्यात येतो. तो म्हणला, गाडी सांभाळून चालवा काका. मी घरी चालवतच आलो.

सहा दिवसानं झालं ते.

आता तू सही नाकार नाही तं कबूल कर, मले काही बोलता येत नाही. कोणत्या तोंडानं सांगू तुले.

एकच सांगतो. प्रेरणाले सांगू नको. तुहंबी नको अन् माहंबी नको. पोरगी कंपनीच्या रागावर जगून राह्यली ताई. त्या रागात उठून बसते, त्या रागात जेवते. सारिकालेबी माहीत नाही. तो राग काढून घेतला तं तिच्याजवळ काय राहीन?

भागवत


जानेफळ,
२९ जून २०२५

चि. भागवत,

तीन महिने मी लिहिलं नाही. लिहाले बसली का हात थांबे.

तुहं पत्र वाचलं त्या दिवशी पहिले तं तुहा असा राग आला का वाटलं एसटीत बसावं अन् दुसरबीडले येऊन दोन थोबाडीत द्यावं. मंग मोबाईल काढला. गणेशले न विचारता खाली खाली सरकवत गेली. आहे तो मेसेज. ८ नोव्हेंबर, अकरा चाळीस. चार आकडे. उघडलेलाच नव्हता, मी तुह्या गाडीचे मेसेज वाचत नव्हती ना. मंग राग कोणावर करू? तू खामगावात फोन हातात घेऊन बसला होता अन् मी इथं शेंगा फोडत बसली होती. दोघाईच्या मधात चार आकडे. लय रडली मी त्या दिवशी. गणेशले म्हटलं कांदा चिरला.

सतरा तारखेले बुलढाण्यात गेली. गणेश संगं होता, त्याले एसटीत सगळं सांगतलं. तो चिखली येईपर्यंत खिडकीतून पाहत राह्यला. तिथं उतरल्यावर माहा हात धरला, एवढंच.

साहेब भला माणूस होता. पोचपावती समोर ठेवली, म्हणला, ही सही तुमची का? मी म्हटलं, हाव. फॉर्मात नाही लिहिलं ते खोटं होतं. कंपनीचा वकील भराभर लिहून घेऊन राह्यला होता. मी म्हटलं, साहेब, याईनं चौदा महिने लपवलं, त्याले दंड आहे ना तुमच्या कायद्यात? ते म्हणले, आहे. मी म्हटलं, मी एकोणीस दिवस ठेवलं, मलेबी लावा. साहेबानं चष्मा काढला. म्हणले, "मावशी, असं कलम नाही." मी म्हटलं, पाहा ना बरोबर, असन कुठं. ते म्हणले, नाही, घरी जा तुम्ही.

तुहं नाव मी काढलं नाही. त्याईनं विचारलंबी नाही.

मागच्या आठवड्यात निकाल लागला. कंपनीले दंड झाला, उशिराचाच झाला. आपल्या पेपरात चार ओळी आल्या, खताच्या जाहिरातीच्या बाजूले. दंड सरकारच्या खजिन्यात जाते. कंपनीनं भरलाबी म्हणतात, दुसऱ्याच दिवशी. तानाबाईच्या पोराची नळी बदलून झाली, तेवढं एक काम झालं. प्रेरणाच्या दाव्याचं वेगळं आहे, ते दुसरं कोर्ट. गणेशनं वकिलाले विचारलं, तो म्हणला, तुमच्या आईच्या जबानीनं दावा कमजोर झाला, पण लढू, वेळ लागन. किती वेळ, ते त्यालेबी माहीत नाही.

अन् परवा प्रेरणाचा फोन आला, मलेच. नकली पायाचं माप घेतलं म्हणली. पेपरचं कात्रण तिनं मोबाईलवर लावलं सगळ्याईले दिसन असं, अन् त्याच्या खाली माहा फोटो. "आत्या, तू एकटी फिरली म्हून त्याईले दंड झाला. पाय बसवाच्या दिवशी तू पाहिजे मले, पहिलं पाऊल तुह्याकडे टाकणार आहे मी." म्हटलं, पोळ्या लाटून राह्यली माय, मंग करते फोन. चूल पेटलेलीबी नव्हती.

भागवत, मले हे झेपत नाही. पाऊल माह्याकडे टाकाची गोष्ट करते पोरगी. मी कुठं उभी राहू?

तू म्हणतो, तिचा राग काढून घेऊ नको. मी लय विचार केला त्याचा, तुहं म्हणणं खोटं नाही. पण दाव्याच्या कोर्टात कंपनीचा तो वकील माही जबानी वाचून दाखवणार आहे, मोठ्यानं, तिच्या समोर. तिनं ते त्याच्या तोंडून आयकावं का? तिच्याच पायाची गोष्ट, अन् सगळ्याईले माहीत, तिलेच नाही. कंपनीबी असंच म्हणली असन ना, लोकाईले आत्ता सांगू नका, घाबरतीन.

म्हून या पत्राच्या आत दुसरं पाकीट ठेवलं. बंद केलं आहे. त्यात माहं तेवढं लिहिलं, २६ ऑक्टोबरपासून. तुहं एक अक्षर लिहिलं नाही. खामगावचं तू सांग, तुह्या तोंडानं, तुले जमन तवा. नाही जमलं तं नको सांगू, मी मरेपर्यंत कोणाजवळ काढणार नाही. तिनं माहं तोंड पाहाचं नाही म्हटलं तं माह्या नशिबाचं ते. पाय बसवाच्या दिवशी बोलावलं नाही तरी मी इथून हात जोडीन.

मले भीती एकाच गोष्टीची वाटते. तू हे पाकीट घेशीन, म्हणशीन, आज तिचं डोकं दुखते, उद्या देऊ. उद्या म्हणशीन, पाय बसू दे. मले माहीत आहे कसं होते ते.

पाकिटावर प्रेरणाचं नाव आहे. ते तिचं आहे, तुहं नाही. आजच्या आज तिच्या हातात दे, भागवत.

वच्छलाताई